तीन टेबलांची एक संघटना: स्थापनेआधीच्या तयारीची यादी

स्नूकर, पूल आणि कॅरम बिलियर्ड्स हे क्यूनं, म्हणजे लांब काठीनं, खेळायचे खेळ. त्यांची एक जागतिक संघटना काढायची तर यादीतलं पहिलं काम हातात टेप घेऊन करायचं आहे. स्नूकरचं टेबल बारा फुटी. त्याची प्रत्यक्ष खेळायची जागा ३५६९ मिलिमीटर लांब आणि १७७८ मिलिमीटर रुंद, बॉल ५२.५ मिलिमीटरचा. पूलचं टेबल नऊ फुटी, म्हणजे २५४० बाय १२७०, आणि बॉल ५७ मिलिमीटरहून जरासा मोठा. कॅरम बिलियर्ड्सचं टेबल २८४० बाय १४२०, बॉल ६१.५ मिलिमीटरचा, टेबलाला पॉकेटच नाही, आणि कापड कोरडं राहून बॉल लांब पळावा म्हणून खालची स्लेट विजेवर तापवलेली. रशियन पिरॅमिड हा बिलियर्ड्सचा प्रकारही धरलात तर बॉल ६८ मिलिमीटरचा आणि पॉकेट त्या बॉलपेक्षा जेमतेम मोठं. स्नूकरच्या कापडाला लव असते, टेबलाची देखभाल करणारा मार्कर ती एका दिशेनं ब्रश करतो आणि वरून इस्त्री फिरवतो. पूल आणि कॅरमचं कापड बिनलवेचं, गुळगुळीत. ही सगळी मापं एका कागदावर लिहा आणि घटना समितीच्या पहिल्या बैठकीपासून तो कागद समोर ठेवा. क्यूनं खेळल्या जाणाऱ्या खेळांची जागतिक संघटना काढायला निघालेला प्रत्येक माणूस मनात आपलंच टेबल धरून बसलेला असतो. मीही आयुष्यभर बारा फुटी टेबलाभोवतीच वावरलो. थ्री-कुशन या कॅरम बिलियर्ड्सच्या प्रकाराचा सामना पहिल्यांदा पाहिला तेव्हा दोन तासांत एकही बॉल पॉट झाला नाही, म्हणजे पॉकेटमध्ये पडला नाही, आणि प्रेक्षक मात्र श्वास रोखून बसलेले. दुसऱ्या बॉलला लागण्याआधी क्यू-बॉलनं, म्हणजे क्यूनं मारलेल्या बॉलनं, निदान तीनदा कुशनला (टेबलाच्या रबरी कडेला) लागून यायचं, एवढाच नियम. हा आपल्याच खेळाचा सख्खा भाऊ आहे हे त्या दिवशी कळलं.

मापांनंतर शब्द. ‘बिलियर्ड्स’ म्हटलं की आपल्या जिमखान्यांत इंग्लिश बिलियर्ड्स समजलं जातं: तीन बॉल, कॅनन (क्यू-बॉलनं बाकी दोन्ही बॉलना लागणं) आणि पॉट. फ्रान्स-बेल्जियममध्ये याच शब्दाचा अर्थ बिनपॉकेटचा खेळ असा होतो, आणि अमेरिकेत बऱ्याच लोकांच्या तोंडी तो पूलसाठी असतो. मराठीत आणखी एक गुंता आहे. कॅरम म्हटलं की आपल्याला सोंगट्या, राणी आणि बोरिक पावडर आठवते, त्यामुळे ‘कॅरम महासंघ’ असं कुठे नुसतं लिहिलं तर वाचणारा भलत्याच खेळाचा विचार करील. घटनेतल्या व्याख्यांच्या कलमात कोणते खेळ येतात ते नावानिशी लिहा, आणि पुढे नवा खेळ आत घ्यायचा तर कोणती परीक्षा लावायची तेही तिथेच लिहा. चीनमधलं एट-बॉल, म्हणजे तिथला पूलचा प्रकार, गेल्या काही वर्षांत केवढं वाढलं ते पाहता हा प्रश्न लवकरच दारात येतो.

आता अभ्यास. या टप्प्यावर मी मुद्दाम जास्त वेळ घ्यायला सांगेन, कारण या खेळांत संघटना कशा फुटल्या हे ठाऊक नसेल तर ती नव्यानं जोडता येणार नाही. इंग्लंडमध्ये १८८५ साली बिलियर्ड्स असोसिएशन निघाली, पुढे बिलियर्ड्स कंट्रोल क्लब निघाला आणि १९१९ मध्ये दोघांचं एकत्रीकरण झालं. ही संस्था इंग्लंडचा कारभार पाहायची आणि जगासाठी नियमही तीच करायची. एकाच खुर्चीत राष्ट्रीय आणि जागतिक अशी दोन पदं. दरम्यान खेळ कुठे चालला होता ते पाहा. जागतिक हौशी बिलियर्ड्स स्पर्धा १९५२ मध्ये कलकत्त्यात भरली. १९५८ मध्ये ती पुन्हा कलकत्त्यात भरली आणि पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स जगज्जेते झाले. कुठल्याही खेळात वैयक्तिक जागतिक विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय. १९६३ ची पहिली जागतिक हौशी स्नूकर स्पर्धासुद्धा कलकत्त्यातच झाली. यजमान आम्ही, विजेते आमचे, आणि नियमांचं पुस्तक मात्र लंडनमध्ये.

मग दोन वर्षांत दोन दरवाजे उघडले गेले. १९७० मध्ये व्यावसायिक खेळाडू बाहेर पडले आणि त्यांच्या संघटनेनं जागतिक व्यावसायिक बिलियर्ड्स व स्नूकर संघटना असं नाव घेतलं. १९७१ मध्ये हौशी खेळातल्या देशांनी वर्ल्ड बिलियर्ड्स अँड स्नूकर कौन्सिल काढलं. १९७३ मध्ये तिचंच नाव इंटरनॅशनल बिलियर्ड्स अँड स्नूकर फेडरेशन झालं. त्याच १९७३ मध्ये जागतिक हौशी बिलियर्ड्स स्पर्धा मुंबईत भरली आणि श्रीलंकेचे मोहम्मद लफीर जिंकले. या इतिहासातून तुमच्या यादीत एक ठोस कलम यायला हवं: कोणत्याही एका देशाच्या राष्ट्रीय संघटनेचं कार्यालय, कर्मचारी किंवा बँक खातं जागतिक संघटनेसाठी वापरायचं नाही. सोयीसाठी नाही, पहिल्या वर्षापुरतंसुद्धा नाही.

बाकी दोन घराण्यांचे, म्हणजे कॅरम आणि पूलचे, कागदही चाळून ठेवा. कॅरमची जागतिक संघटना, युनियन माँदियाल द बिलार (यू.एम.बी.), १९५९ ची. पूलची वर्ल्ड पूल-बिलियर्ड असोसिएशन (डब्ल्यू.पी.ए.) त्या मानानं तरुण, १९८७ ची. स्नूकर आणि इंग्लिश बिलियर्ड्समध्ये हौशी आणि व्यावसायिक अशा दोन चुली. १९९२ साली या तिन्ही घराण्यांनी मिळून वर्ल्ड कॉन्फेडरेशन ऑफ बिलियर्ड्स स्पोर्ट्स स्थापन केली. तिच्या नावातला ‘कॉन्फेडरेशन’ हा शब्द नीट वाचा: संघटनांची संघटना. सगळा पाया त्यावर आहे.

कारण सभासद कोण, हा या यादीतला सर्वांत कठीण प्रश्न आहे. इतर खेळांत एक देश, एक महासंघ, एक मत असं चालतं. इथे ते चालत नाही. भारतात बिलियर्ड्स, स्नूकर आणि पूल एकाच राष्ट्रीय महासंघाकडे आहेत. अमेरिकेत पूलसाठी बिलियर्ड काँग्रेस, कॅरमसाठी वेगळी संघटना, स्नूकरसाठी तिसरी. मग अमेरिकेला तीन मतं आणि भारताला एक? की अमेरिकेतल्या तिघांनी आधी आपसांत भांडून एक प्रतिनिधी पाठवायचा? १९९२ च्या मंडळींनी हा पेच सोडवायचा प्रयत्नच केला नाही, तो बाजूला ठेवला: सभासद म्हणून देश घेतलेच नाहीत, खेळांच्या जागतिक संघटना घेतल्या. देशांचा हिशेब ज्याच्या त्याच्या घरात. माझ्या मते हाच शहाणपणाचा मार्ग होता, आणि आज कोणी नव्यानं मांडणी करत असेल तर त्यानंही इथूनच सुरुवात करावी. तरीही देशनिहाय तक्ता करा: कोणत्या देशात कोणत्या खेळाची कोणती संघटना, तिला तिथल्या ऑलिंपिक समितीची किंवा क्रीडा मंत्रालयाची मान्यता आहे का, शेवटची निवडणूक कधी झाली. हा तक्ता भरायला सहा महिने लागतात. ते द्या.

तीन सभासद म्हटले की मतदानाचं गणित अवघड होतं. साधं बहुमत ठेवलं तर दोन घराणी एकत्र येऊन तिसऱ्याला कायमचं कोपऱ्यात बसवू शकतात. प्रत्येक गोष्टीला एकमत लागेल असं ठेवलं तर साधी टेबलांची ऑर्डरसुद्धा निघणार नाही. मी असं वाटून घेईन: घटनादुरुस्ती, पैशांची वाटणी आणि नवा खेळ आत घेणं यांना एकमत, बाकी सगळं बहुमतानं, आणि एखाद्या खेळाचे नियम, टेबलाची मापं किंवा त्या खेळाच्या रेफरींची परीक्षा यांवर बाकीच्या दोघांना मतच नाही. अध्यक्षपद घराण्यांमध्ये फिरतं ठेवा. आणि हे नक्की लिहा की एकाच खेळावर दोन जागतिक संघटनांनी हक्क सांगितला तर काय करायचं. ही कल्पनेतली भीती नाही. २०१७ मध्ये व्यावसायिक संघटनेच्या पुढाकारानं वर्ल्ड स्नूकर फेडरेशन निघाली आणि जुना आंतरराष्ट्रीय महासंघही जागेवरच होता. स्नूकरच्या खुर्चीवर दोन नावं आली. अशा वेळी ती जागा दोघांनी मिळून भरायची, की तंटा मिटेपर्यंत मत गोठवायचं, की लवाद नेमायचा, हे भांडण नसताना ठरवावं लागतं. भांडणात कोणी ठरवू देत नाही.

नोंदणी बहुतेक जण स्वित्झर्लंडमध्ये करतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती लोझानला आहे, क्रीडा लवाद न्यायालय १९८४ पासून तिथेच आहे, आणि स्विस दिवाणी संहितेतली संघटनांची कलमं सुटसुटीत आहेत. कलम ६० म्हणतं की घटना लेखी हवी आणि तिच्यात उद्देश, साधनं आणि रचना सांगितलेली हवी. कलम ६४ प्रमाणे सर्वसाधारण सभा सर्वोच्च, आणि एक पंचमांश सभासदांनी मागणी केली तर ती बोलवावीच लागते. तीनच सभासद असतील तर एकटा सभासदच एक तृतीयांश झाला; म्हणजे कोणतंही घराणं एकट्याच्या बळावर केव्हाही सभा लावू शकतं. ही गोष्ट वकिलांशी आधीच बोलून घ्या, नोटीस किती दिवसांची ते बांधून घ्या. कलम ७५ खाली ठराव मान्य नसलेल्या सभासदाला तो कळल्यापासून महिनाभरात न्यायालयात जाता येतं, म्हणून इतिवृत्त उशिरा पाठवायची आपल्याकडची सवय इथे महागात पडते. घटना दोन भाषांत असेल तर वाद झाल्यास कोणतं भाषांतर ग्राह्य, हे एका ओळीत लिहा.

पैशांबद्दल थोडक्यात. वर्गणी, स्पर्धांना मान्यता देण्याचं शुल्क आणि प्रायोजक या तिन्ही वाटा हव्यात, आणि कोणत्याही एका वाटेवर सगळं घर उभं नको. जागतिक व्यावसायिक स्नूकर स्पर्धेला १९७६ पासून २००५ पर्यंत एकाच सिगारेट कंपनीचं नाव होतं. ब्रिटनमध्ये तंबाखूच्या जाहिरातींवर बंदी आली आणि ते नातं तुटलं. तेवढी मोठी स्पर्धा सावरली, लहान संघटना सावरत नाही. बँक खात्यावर दोन सह्या ठेवा, त्याही दोन वेगळ्या घराण्यांच्या. मी एका संघटनेच्या स्पर्धा समितीत होतो तेव्हा खात्यावर एकट्या खजिनदाराची सही चालायची. तो गृहस्थ सज्जन होता, पण अंथरुणाला खिळला आणि रेफरींचं मानधन चार महिने अडकलं. त्यातले दोघे प्रवासखर्च खिशातून करून आलेले होते. ते मला अजून विसरता येत नाही.

खेळाडूंवरची बंदी हे कलम स्वतंत्रपणे, निवांत, चांगल्या वकिलाबरोबर बसून लिहायचं आहे. आमच्या मान्यतेशिवाय कुठे खेळलात तर निलंबन, असं वाक्य जुन्या घटनांतून उचलायचा मोह होतो. युरोपात आता ते उचलता येणार नाही. बर्फावरच्या स्केटिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे असेच नियम युरोपियन आयोगानं २०१७ मध्ये व्यापारी स्पर्धेच्या कायद्याविरुद्ध ठरवले, आणि २१ डिसेंबर २०२३ रोजी युरोपियन न्यायालयानं तो निर्णय उचलून धरला. मान्यता द्यायचा अधिकार ठेवायला हरकत नाही. पण तो कोणत्या निकषांवर, किती दिवसांत, किती शुल्क घेऊन द्यायचा, नाकारला तर दाद कुठे मागायची आणि शिक्षा केवढी, हे स्पष्ट आणि प्रमाणात असलं पाहिजे. कायदा बाजूला ठेवला तरी माझं मत हेच राहील. कॅरममध्ये, पूलमध्ये, स्नूकरमध्ये, प्रवर्तक आणि महासंघ यांच्या प्रत्येक ओढाताणीत मधे सापडला तो खेळाडू. दिवसाला सहा-सात तास टेबलाभोवती वाकून सराव करणाऱ्या माणसाला कोणत्या पत्रावर कोणाचा शिक्का आहे हे पाहून स्पर्धा निवडायला लावू नये. म्हणून खेळाडूंचे दोन प्रतिनिधी कार्यकारिणीत मतासह घ्या, निमंत्रित म्हणून नव्हे. त्यातली एक महिला असेल असंही लिहा.

उत्तेजकविरोधी नियमांची तयारी लोक शेवटी ढकलतात. आमच्या खेळाला ताकदीचं औषध काय कामाचं, असं म्हणतात. तिथेच चूक होते. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या (वाडा) प्रतिबंधित यादीत बीटा-ब्लॉकर या गटाखाली बिलियर्ड्सचे सगळे प्रकार नावानिशी आहेत. स्पर्धेच्या काळात ती औषधं चालत नाहीत. हृदयाचे ठोके मंदावतात, हाताचा कंप थांबतो, आणि निर्णायक काळ्या बॉलवर वाकलेल्या माणसाला त्याहून मोठी मदत नाही. कॅनडाचे बिल वेर्बेनियुक हाताच्या कंपासाठी प्रोप्रॅनोलॉल घ्यायचे. त्या औषधावर बंदी आली आणि त्यांची कारकीर्द तिथेच अडली. फसवणूक करायची म्हणून ते औषध घेत नव्हते, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. आता आपल्या क्लबांतल्या पन्नाशीपुढच्या खेळाडूंचा विचार करा. रक्तदाबासाठी अ‍ॅटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल घेणारे त्यांच्यात सहज सापडतील, आणि ज्येष्ठांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत नाव देताना ती गोळी प्रतिबंधित यादीत आहे हे त्यांच्या ध्यानीमनीही नसतं. वैद्यकीय सवलतीचा अर्ज असतो, पण या गटात ती सहज मिळत नाही आणि शेवटच्या आठवड्यात तर नाहीच. म्हणून यादीत असं लिहा: प्रत्येक राष्ट्रीय महासंघानं प्रवेशअर्जाबरोबरच औषधांची माहितीपत्रिका खेळाडूच्या भाषेत द्यायची, गोळ्यांच्या बाजारातल्या नावांसह. गोळी स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांशी बोला, हे वाक्य त्या पत्रिकेत ठळक अक्षरांत हवं. नमुना घेण्याची खोली, सोबतीला जाणारे स्वयंसेवक, सीलबंद पाण्याच्या बाटल्या आणि प्रयोगशाळेचा खर्च हे यजमानाच्या करारात येऊ द्या.

एवढं सगळं कशासाठी, असा प्रश्न सभेत कोणीतरी विचारणारच. उत्तर तयार ठेवा, आणि ते पदकांच्या भाषेत द्या. ऑलिंपिक समितीला प्रत्येक खेळासाठी एकच संस्था समोर हवी असते. तीन घराणी एका छताखाली आली म्हणून क्यू-खेळांना तिची मान्यता मिळाली आणि २००१ मध्ये जपानमधल्या अकिता इथल्या वर्ल्ड गेम्समध्ये, म्हणजे ऑलिंपिकबाहेरच्या खेळांच्या जागतिक स्पर्धेत, त्यांचा समावेश झाला. तिथे पूलमध्ये महिलांचं सुवर्ण अमेरिकेच्या जेनेट ली यांनी घेतलं. २०१३ मध्ये कोलंबियातल्या काली शहरात मुंबईच्या आदित्य मेहतानं स्नूकरचं सुवर्ण जिंकलं. त्या दिवशी मी हॉलमधल्या पोरांना सांगत होतो की या पदकामागे वीस वर्षांपूर्वीच्या काही सह्या आहेत. आशियाई खेळांचं उदाहरणही द्या, पण पूर्ण द्या. १९९८ च्या बँकॉकमध्ये बिलियर्ड्सच्या दुहेरीत गीत सेठी आणि अशोक शांडिल्य यांनी सुवर्ण मिळवलं. २००६ आणि २०१० मध्ये पुण्यात जन्मलेल्या पंकज अडवाणीनं एकेरीत. २०१४ मध्ये क्यू-खेळ कार्यक्रमातून गेले, आणि २०१८ मध्येही परतले नाहीत. ऑलिंपिकचं दारही अजून बंद आहे: २०२० च्या टोकियोसाठी अर्ज केला, छाननीत नाव आलं नाही, २०२४ च्या पॅरिससाठी पुन्हा केला, तिथे ब्रेकिंग (ब्रेकडान्स), स्केटबोर्डिंग, क्लाइंबिंग आणि सर्फिंग निवडले गेले. कार्यक्रमातली जागा ही दर चार वर्षांनी पुन्हा मिळवायची गोष्ट आहे, त्यामुळे अर्जांचं काम पाहणारा पगारी माणूस पहिल्या वर्षापासून नेमा. हौशी सचिवाच्या रविवारावर ते होत नाही.

स्थापना सभेच्या दिवसाची तयारी वेगळ्या पानावर लिहा. सही करायला येणाऱ्या प्रत्येकाकडे त्याच्या स्वतःच्या संघटनेनं तसा अधिकार दिल्याच्या ठरावाची प्रत हवी. ती नसेल तर त्यानं बसावं, बोलावं, पण सही करू नये. घरी गेल्यावर त्याच्याच कार्यकारिणीनं हात वर केले तर सगळी स्थापना डळमळते. हजेरीपट, मुखत्यारपत्रं, गणसंख्या मोजणारा तटस्थ माणूस, दुभाषे, आणि ठराव पडद्यावर वाचता येतील अशी सोय. घटनेचा मसुदा निदान दोन महिने आधी सगळ्यांच्या हातात. सभेच्या दिवशी नवी कलमं घ्यायची नाहीत, फक्त आधी लेखी आलेल्या दुरुस्त्या. दुपारच्या जेवणाआधी मतदान संपवा, कारण विमानाची वेळ झाली म्हणून उठून जाणारे प्रतिनिधी मी पुष्कळ पाहिले आहेत आणि शेवटच्या तासात झालेले ठराव पुढे टिकलेले मात्र थोडेच पाहिले.

आणि सभेनंतरच्या पहिल्याच आठवड्यात, इतिवृत्त टपालात पडलं की, पुढच्या वर्षाच्या तिन्ही घराण्यांच्या स्पर्धांच्या तारखा एका तक्त्यावर मांडा. आपल्याकडे बिलियर्ड्स आणि स्नूकर दोन्ही मनापासून खेळणारे खेळाडू आहेत, अडवाणी त्यांतला सर्वांत ठाऊक असलेला. जागतिक स्पर्धा एकाच आठवड्यात आल्या तर त्याला एक सोडावी लागते. ज्या दोन ओळी एकमेकींवर पडतात त्यांना लाल पेन्सिलीनं खूण करा, दोन्ही सचिवांना त्याच दिवशी फोन लावा, आणि बदललेला तक्ता खेळाडूंना व्हिसाच्या अर्जाला पुरेल इतका आधी पाठवा.